काँक्रीटच्या फरशीतलं हीटिंग: पाण्याचे पाइप, विजेची मॅट आणि स्लॅबमधली केबल, तिन्ही वापरून झालेलं मत

निकाल आधीच सांगून टाकते म्हणजे घाईवाले सुटतील. स्लॅब अजून टाकायचाय आणि घरात दिवसभर माणसं असतात, तर पाण्याच्या पाइपची सिस्टीम घ्या, फार डोकं खाजवू नका. स्लॅब ऑलरेडी पडलाय आणि गरम करायचंय फक्त एखादं बाथरूम, तर विजेची मॅट, पण तिच्याखाली इन्सुलेशन बोर्ड हवा म्हणजे हवाच. काँक्रीटच्या पोटात खोल गाडलेली विजेची केबल मी कुणाला सुचवणार नाही, एक अपवाद सोडून, तो पुढे येईल. आणि तिन्हीपैकी काहीही घेतलंत तरी पहिला पैसा इन्सुलेशनवर जाऊ दे, पाइपाच्या ब्रँडवर नंतर भांडा.

आमच्याकडे तळमजल्याला पाण्याचं आहे, बाथरूममध्ये मॅट आहे, आणि मागच्या कामाच्या खोलीत आधीच्या मालकांनी स्लॅबमध्येच केबल टाकून ठेवलेली होती. म्हणजे एकाच छताखाली तिन्ही प्रकार आणि तिन्हींबरोबर हिवाळे काढलेत, त्यामुळे हे ब्रोशर वाचून लिहिलेलं नाही एवढं धरून चाला. कुठल्या कंपनीचं घेतलं ते लिहीत नाहीये कारण खरं सांगू का, उपोनॉर घ्या, रेहाऊ घ्या नाहीतर आणखी कुणाचं, दर्जेदार पाइप असेल तर स्लॅबला काही फरक पडत नाही. फरक पडतो तो डिझाइनचा आणि टाकणाऱ्या माणसाच्या हाताचा.

आता विकणारे लोक सगळ्यात जास्त गोंधळ कशात घालतात तर वेळेत. आम्हाला एकाने सरळ सांगितलं होतं की मॅडम अर्ध्या तासात फरशी गरम. हे खोटं नाही, पण ते लागू आहे टाइलच्या लगेच खाली आणि इन्सुलेशन बोर्डच्या वर बसवलेल्या पातळ मॅटला, आणि तो माणूस बोलत होता १० सेंटीमीटरच्या स्लॅबबद्दल! साधं गणित करून बघा. १० सेंटीमीटर जाडीच्या काँक्रीटचा १ चौरस मीटरचा तुकडा साधारण २३५ किलोचा भरतो. त्याला १० अंश वर न्यायला अर्ध्या युनिटपेक्षा थोडी जास्त उष्णता लागते, आणि तुम्ही चौरस मीटरला १०० वॅटने तापवत असाल तर जवळजवळ पावणेसहा तास लागणार, तेही उष्णता खाली, बाजूला, खोलीत कुठेही गेली नाही असं धरून. प्रत्यक्षात ती जातेच. म्हणजे गार पडलेला स्लॅब संध्याकाळी घरी येऊन चालू केला तर उबेचा उपयोग झोपल्यावर होणार. स्लॅब म्हणजे मालगाडी आहे, सुटायला वेळ घेते आणि थांबायलाही.

पण हाच दोष घर रोज वापरात असेल तर गुण होतो. एकदा तापलेला स्लॅब काही तास वीज गेली तरी खोली धरून ठेवतो, दार उघडून चार माणसं आत आली तरी रेडिएटरवाल्या (भिंतीवरच्या गरम पाण्याच्या हीटरवाल्या) खोलीसारखी हवा एकदम गार होत नाही कारण ऊब हवेत नाहीच, खालच्या वस्तुमानात आहे. शिवाय एक गंमत असते जी मला वापरल्यावर नीट कळली. फरशी २३ अंशांवर आणि खोली २० वर असेल तेव्हा चौरस मीटरला साधारण ३० वॅट वर येतात. ऊन आलं, माणसं जमली आणि खोली २१ झाली की तेच २० च्या खाली उतरतात, म्हणजे कुणी थर्मोस्टॅटला हात न लावता एक तृतीयांश उष्णता आपोआप कमी. फरशी जितकी कमी तापमानावर चालते तितकी ही आपोआप सावरण्याची ताकद जास्त. म्हणून इन्सुलेशन चांगलं असलेल्या घरात ही सिस्टीम शहाण्यासारखी वागते आणि भिंती-खिडक्यांतून उष्णता गळणाऱ्या घरात तिला पळवावं लागतं.

मोठ्या काचेतून भरपूर ऊन येत असेल तर मात्र सावध राहा, सकाळी थंडीसाठी तापवलेला स्लॅब दुपारच्या उन्हात बंद केला तरी ऊब सोडतच राहतो आणि खिडक्या उघडायची पाळी येते. यावर उपाय म्हणजे बाहेरच्या तापमानाप्रमाणे पाण्याचं तापमान कमीजास्त करणारा कंट्रोलर, तो घ्याच. रात्री थर्मोस्टॅट ५-६ अंश खाली करून पैसे वाचवायची सवय रेडिएटरला ठीक आहे, स्लॅबला नाही. आम्ही एखाद अंशच उतरवतो, कधी कधी तेही नाही.

इन्सुलेशनबद्दल जरा बोलू दे, कारण सगळ्यात जास्त काटकसर लोक इथेच करतात आणि हीच एक गोष्ट नंतर बदलता येत नाही. काँक्रीटमधली उष्णता वर जाते तशी खालीही जाते, जमिनीला काही कळत नाही की तुम्हाला फक्त वर हवी आहे. ५ सेंटीमीटर एक्सपीएसची (कडक फोमची) शीट उष्णतेला जेवढी अडवते तेवढं अडवायला दोन मीटरहून जाड काँक्रीट लागेल, यावरून अंदाज घ्या. लोकांना भीती वाटते की थर्माकोलसारखी दिसणारी शीट स्लॅबखाली दबून जाईल. पॅकिंगमधलं थर्माकोल वेगळं आणि ही शीट वेगळी, हिला दाब सहन करायची रेटिंग असते. घरासाठी २०० ते ३०० किलोपास्कलची मिळते, आणि ३०० चा अर्थ चौरस मीटरला सुमारे ३० टन. हा आकडा शीट दहा टक्के दबेपर्यंतचा असतो, कायमच्या भाराला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास धरतात, तरी घराच्या फरशीला तो भरपूर झाला. गाड्या उभ्या राहणार असतील तर इंजिनिअरला विचारून वरची रेटिंग घ्या.

कडांचं इन्सुलेशन तर लोक विसरतातच. स्लॅबची कड जिथे बाहेरच्या हवेला किंवा गार भिंतीला भिडते तिथून उष्णता सगळ्यात जास्त पळते, त्यामुळे चारी बाजूंनी उभी पट्टी लावायची. कोबा तापल्यावर पसरतो त्याला जागाही तीच पट्टी देते, म्हणजे एका पट्टीत दोन कामं.

आणि ती चांदीसारखी चमकणारी, बुडबुड्यांची पातळ फॉइल! आम्हालाही एका कंत्राटदाराने तीच इन्सुलेशन म्हणून लावायचा घाट घातला होता, चमक उष्णता परत फेकते म्हणे. चमकदार पृष्ठभाग उष्णता परत फेकतो तेव्हा त्याच्यासमोर हवेची पोकळी लागते. वरून काँक्रीट ओतलं की पोकळी संपली आणि चमकही संपली, उरतो तो काही मिलीमीटरचा प्लास्टिकचा थर. तो ओल अडवेल, उष्णता नाही. एवढं समजावून सांगूनही तो माणूस "सगळे हेच लावतात" वरच होता, मग आम्ही माणूस बदलला.

आता पाइप. घरगुती कामात साधारण १६ मिलीमीटर बाहेरचा व्यास आणि २ मिलीमीटर जाडीचा पाइप चालतो, पेक्स किंवा पीई-आरटी (दोन्ही प्लास्टिकचेच प्रकार), मध्ये अॅल्युमिनियमचा थर असलेलाही मिळतो. तो वळवला की तसाच राहतो, स्प्रिंगसारखा उसळत नाही, त्यामुळे एकट्यादुकट्या माणसाला टाकायला सोपा, पण वळवताना मुडपला तर तो तुकडा गेला. पेक्स-ए जास्त लवचीक असतो आणि मुडपला तरी गरम हवेने पूर्ववत करता येतो. माझ्या मते थंड दिवसात काम होणार असेल तर पेक्स-ए चे जास्तीचे पैसे वसूल होतात, एरवी नाही.

एक गोष्ट मात्र पाइपावर छापलेली वाचूनच घ्या, ती म्हणजे ऑक्सिजन बॅरियर. साध्या पेक्समधून हवेतला ऑक्सिजन हळूहळू पाण्यात झिरपतो आणि सिस्टीममधल्या लोखंडी भागांना, म्हणजे पंप, बॉयलर, टाकी यांना गंज चढवतो. पिण्याच्या पाण्याचा पेक्स दिसायला तसाच असतो आणि स्वस्त पडतो म्हणून कुणी तो टाकायला निघालं तर तिथेच थांबवा. बॅरियरवाल्या पाइपावर ईव्हीओएच (ऑक्सिजन अडवणाऱ्या थराचं नाव) असं किंवा डीआयएन ४७२६ या स्टँडर्डचा उल्लेख असतो.

दुसरा नियम म्हणजे काँक्रीटमध्ये जोड नको. एक लूप म्हणजे एक अखंड पाइप, मॅनिफोल्डपासून (सगळे लूप जिथून फुटतात त्या दांड्यापासून) निघून मॅनिफोल्डलाच परत. म्हणून लूपची लांबी आधी ठरवावी लागते, १६ मिलीमीटरला साधारण १०० मीटरपर्यंत ठेवतात, त्यापुढे पंपाला पाणी ढकलायला जड जातं आणि शेवटी शेवटी पाणी गार होतं. १५ सेंटीमीटर अंतराने पाइप टाकला तर चौरस मीटरला पावणेसात मीटरच्या आसपास लागतो, म्हणजे १०० मीटरच्या लूपमध्ये १५ चौरस मीटर खोली बसते. खिडक्यांजवळ १० सेंटीमीटर आणि आत १५ ते २० असं अंतर ठेवलं की छान. नुसतं नागमोडी टाकण्यापेक्षा गोल गोल आत जाऊन तसंच बाहेर यायची पद्धत चांगली, कारण त्यात जाणारा गरम पाइप आणि येणारा कोमट पाइप शेजारी शेजारी येतात आणि फरशी सगळीकडे सारखी तापते. नागमोडीमध्ये एक कोपरा ऊबदार आणि समोरचा गार असं होऊ शकतं.

पाइप गाडून टाकायची भीती सगळ्यांनाच वाटते आणि ती अगदीच निराधार नाही. अमेरिकेत लेव्हिटाउनला १९४७ पासून धडाक्याने घरं बांधली तेव्हा स्लॅबमध्ये तांब्याचे पाइप टाकून गरम पाणी फिरवलं होतं आणि पुढे त्यातल्या बऱ्याच घरांत गळत्या निघाल्या, लोकांनी फरशा फोडण्यापेक्षा भिंतीवर नवं हीटिंग बसवून घेतलं. ती बदनामी अजून पुसलेली नाही. पण धातू आणि काँक्रीटचं जे वाकडं आहे ते प्लास्टिकच्या पाइपाचं नाही, त्याला गंज चढत नाही आणि आत जोड नसेल तर गळायला जागा कमी. धोका असतो तो काँक्रीट टाकायच्या दिवशी आणि त्यानंतर कुणी ड्रिल घेऊन आलं तर.

तो दिवस मी पूर्ण उभी राहून बघितला. मॅनिफोल्डला प्रेशर गेज लावलेला, पाइपांमध्ये पाणी भरून ६ बारवर ठेवलेलं आणि काँक्रीट पडत असताना ते तसंच दाबाखाली. कारण सोपं आहे, रिकाम्या पाइपाला फावड्याची धार लागली तर कुणालाच कळणार नाही, दाबाखालच्या पाइपाला लागली तर काटा खाली येतो आणि ओल तिथल्या तिथे दिसते. गवंडी सळईच्या जाळीवर पाय देऊन चालतात, घमेली आपटतात, ढकलगाडीचं चाक पाइपावरून जाऊ नये म्हणून फळ्या टाकाव्या लागतात, आणि व्हायब्रेटरवाल्याला तर पुन्हा पुन्हा सांगावं लागलं की दांडा पाइपावर टेकवू नको. सकाळपासून काटा थोडासा उतरला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, पण प्लंबर म्हणाला नवा पाइप दाबाने किंचित फुगतो आणि पाण्याचं तापमान बदललं तरी काटा हलतो, एकदा वर घेऊन बघू. वर घेतला, मग तिथेच राहिला. काटा सरळ पडत गेला असता तर गोष्ट वेगळी. तेव्हा तुमचा कंत्राटदार "टेस्ट कालच झाली" म्हणत गेज काढून घ्यायला लागला तर काढू देऊ नका, गेज काँक्रीट बसेपर्यंत तिथेच.

आणि त्याआधी फोटो. प्रत्येक खोलीचे, टेप जमिनीवर पसरून, भिंतीपासून पाइप किती अंतरावर ते दिसेल असे. दाराचा स्टॉपर बसवायला आलेल्या सुताराला हे फोटो दाखवले तेव्हा त्याने गुपचूप ड्रिल ठेवून चिकटवायचा स्टॉपर काढला. स्लॅबला जिथे सांधा येणार तिथून पाइप जात असेल तर त्यावर बाहेरून मोठा पाइप चढवायचा, स्लॅबचे दोन भाग वेगवेगळे हलले तरी आतला कापला जात नाही. सांध्यांची जागा आणि लूपची जागा एकाच कागदावर काढली असेल तर हे आधीच लक्षात येतं.

मॅनिफोल्ड म्हणजे जिथून सगळे लूप फुटतात तो पितळी किंवा स्टीलचा दांडा, हा मला सगळ्यात आवडलेला भाग. प्रत्येक लूपवर एक छोटी काचेची नळी असते, आत लाल खूण, आणि पाणी वाहायला लागलं की ती खूण खाली सरकून मिनिटाला किती लिटर ते दाखवते. १५ चौरस मीटरच्या खोलीला चौरस मीटरमागे ६० वॅट लागतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्यात ५ अंशांचा फरक ठेवायचाय असं धरलं तर मिनिटाला अडीच लिटरच्या थोडं वर हवं. असे आकडे डिझाइनवाल्याने प्रत्येक लूपसाठी लिहून द्यायचे असतात आणि मग नळ फिरवून ते बसवायचे. हे केलं नाही तर जवळच्या लहान लूपमधून पाणी धो धो जातं आणि लांबची खोली गार राहते, आणि लोक म्हणतात सिस्टीमच बेकार. मॅनिफोल्ड जिना किंवा पॅसेजमध्ये उघडता येईल अशा कपाटात ठेवा. ब्रँड बघायचाच असेल तर इथे बघा, कारण पाइप जन्मात बदलायचा नाहीये पण व्हॉल्व्हवरचे मोटरवाले टोपण, पंप, मिक्सिंग व्हॉल्व्ह हे कधी ना कधी बदलावे लागणार, तेव्हा सुटे भाग मिळायला हवेत.

पाणी तापवायचं कशाने हा वेगळा विषय होईल, थोडक्यात सांगते. स्लॅबला ३० ते ४५ अंशांचं पाणी पुरतं, रेडिएटरला त्याहून बरंच जास्त लागतं. हीट पंपाला, म्हणजे बाहेरची उष्णता ओढून पाणी तापवणाऱ्या मशीनला, हे फार मानवतं, पाणी जितकं कोमट चालेल तितकी एका युनिट विजेतून जास्त उष्णता निघते. ३५ अंशांचं पाणी करताना एकाचे चारच्या आसपास देणारा पंप ५५ वर बराच खाली येतो. कंडेन्सिंग बॉयलरलाही परत येणारं पाणी ५५ च्या खाली असलं तरच धुरातली वाफ पाणी करून तिची उष्णता वसूल करता येते, ते इथे आपोआप होतं. जुना जास्त तापवणारा बॉयलर असेल तर मध्ये मिक्सिंग व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर ७० अंशांचं पाणी सरळ स्लॅबमध्ये जाईल आणि मग फरशीचं काय होईल ते तुम्हीच बघा.

आता वीज. बाथरूममधली मॅट ही माझी रोजची लाडकी आहे हे कबूल. जाळीवर चिकटवलेली पातळ केबल, साधारण चौरस मीटरला १५० वॅटची, टाइलच्या अॅडेसिव्हमध्ये बसते. ५ चौरस मीटरला ७५० वॅट, दोन तास चालली तर दीड युनिट. लहान जागेला, ठरावीक वेळेला, हे एकदम बरोबर आहे. पूर्ण घराला हाच हिशोब लावून बघा म्हणजे हीट पंपाचे चाहते का ओरडतात ते कळेल, कारण इथे एका युनिटचं एकच युनिट मिळतं.

मॅट सरळ स्लॅबवर टाकली तर निम्मी मजा गेली, ती आधी खालच्या काँक्रीटला तापवत बसते. ६ किंवा १० मिलीमीटरचा इन्सुलेशन बोर्ड खाली चिकटवला की उष्णता वर येते आणि अर्ध्या तासाचं ते वचन खरं होतं. उंची थोडी वाढते, दार घासावं लागेल, तेवढं चालवून घ्या.

मॅट बसवताना मी इलेक्ट्रिशियनच्या डोक्यावर उभी होते आणि ते गरजेचं होतं. वळवायला जाळी कापायची, केबल कधीच नाही, ती कापून लहान करता येत नाही, म्हणून मोजून साइज घ्यायचा आणि शंका असेल तर एक साइज लहान घ्यायचा. मीटरने रेझिस्टन्स तीनदा मोजायचा: डब्यातून काढल्यावर, पसरल्यावर आणि टाइल बसल्यावर, तिन्ही वेळा लेबलवरच्या आकड्याशी जुळला पाहिजे, आणि मेगरने, म्हणजे करंट गळतोय का ते बघायच्या मीटरने, केबलचं इन्सुलेशनही तपासायचं. वॉरंटीचा कागद नंतर हेच आकडे मागतो. फरशीचा सेन्सर दोन केबलींच्या बरोबर मधे, आणि तो छोट्या नळीत घालून बसवायचा म्हणजे बिघडला तर ओढून नवा घालता येतो, तो सरळ अॅडेसिव्हमध्ये गाडणारे महाभाग आहेत. अॅडेसिव्हमध्ये हवेचे खड्डे राहिले की तिथे केबल जास्त तापते, म्हणून पूर्ण भरून बसवायचं. कमोड, फिक्स कपाट, टबच्या खाली मॅट न्यायची नाही. आणि ३० मिलीअँपचा आरसीडी, म्हणजे करंट गळला की पडणारा ब्रेकर, याबद्दल चर्चाच नको.

स्लॅबमधली केबल ही आमची सगळ्यात नावडती. आठवड्यातून कधीतरी वापरायची खोली, आणि ती उबदार हवी असेल तर आदल्या दिवशी ठरवायचं, हे कुणाला जमतं? काम संपवून निघावं तेव्हा फरशी छान तापलेली असते आणि मग ती ऊब रिकाम्या खोलीला. अपवाद म्हणाले होते तो हा की जिथे रात्रीची वीज खूप स्वस्त मिळते आणि खोली रोज वापरात आहे, तिथे रात्री स्लॅब भरून घ्यायचा आणि दिवसभर वापरायचा, हे हिशोबात बसतं. केबल तुटली तर मॅटमधली तुटलेली जागा थर्मल कॅमेऱ्याने आणि केबल तपासायच्या यंत्राने शोधून एक-दोन टाइल काढून जोडता येते, खोल स्लॅबमध्ये तेच काम म्हणजे छिन्नी-हातोडा.

गुण द्यायचेच तर पाण्याच्या सिस्टीमला ५ पैकी साडेचार, अर्धा कापला तो सुस्तपणाचा. मॅटला लहान जागेसाठी ४, पूर्ण घरासाठी २. स्लॅबमधल्या केबलला दीड.

एक अपेक्षाभंग आधीच सांगून ठेवते. पाहुणे येतात, बूट काढतात आणि म्हणतात, "अगं, हे चालू आहे का?" कारण फरशी गरम लागत नाही. चांगल्या इन्सुलेशनच्या घरात ती २३-२४ अंशांवरच असते, म्हणजे तळपायापेक्षा थंडच, फक्त ती गार लागत नाही एवढंच. ज्यांना पायाला चटका हवाय त्यांनी बाथरूमच्या मॅटवर समाधान मानावं. ईएन १२६४ या युरोपियन स्टँडर्डमध्ये राहत्या भागासाठी फरशीची मर्यादा २९ अंश आहे, बाथरूमला ३३, खिडकीलगतच्या पट्ट्याला ३५. २९ ला आणि २० च्या खोलीत चौरस मीटरला जेमतेम १०० वॅट मिळतात, त्यामुळे तुमच्या खोलीला त्याहून जास्त लागत असेल तर फरशी एकटी पुरणार नाही, आधी खिडक्या-भिंतींकडे बघा.

वरची फरशी म्हणाल तर टाइल, दगड किंवा घासलेलं काँक्रीट हे सगळ्यात चांगलं. लाकूड चालतं, पण थर लावून केलेलं, आणि वरचं तापमान २७ च्या पुढे नको. जाड गालिचा म्हणजे हीटिंगवर पांघरूण, पूर्ण खोलीभर टाकणार असाल तर डिझाइनवाल्याला आधी सांगा. ओला कोबा लगेच तापवायचा नाही हे तर गवंडीसुद्धा विसरतात: सिमेंटच्या कोब्याला किमान २१ दिवस थांबायचं, अॅनहायड्राइटच्या (जिप्समच्या जातीतल्या) कोब्याला ७, मग ३ दिवस २५ अंशांचं पाणी, त्यानंतर ४ दिवस डिझाइनच्या पूर्ण तापमानाला. घाई केली की भेगा. लाकूड लावणार असाल तर त्यानंतर ओल मोजूनच लावा.

जुन्या स्लॅबवाल्यांना पाण्याचं हवंच असेल तर दोन रस्ते आहेत, वर कमी उंचीचे पॅनल टाकून त्यावर पातळ थर, किंवा असलेल्या कोब्यात मशिनने खाचा पाडून पाइप बसवणे. खाचांची पद्धत झटपट आहे आणि उंची वाढत नाही, पण कोब्याखाली इन्सुलेशन नसेल तर तुम्ही जमीनच तापवणार. खाली काय आहे ते एक भोक पाडून बघितल्याशिवाय सही करू नका.

कंत्राटदार निवडताना मी एवढंच बघते की तो खोलीखोलीचा उष्णतेचा हिशोब करतो का. फक्त चौरस मीटर विचारून आकडा सांगणारा नको. लूपचा आराखडा, प्रत्येकाची लांबी, इन्सुलेशनची जाडी आणि रेटिंग, प्रेशर टेस्टचा कागद, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या, काँक्रीट पडल्यावर यातलं काहीच तपासता येत नाही.

आणि बरेच जण विचारतात म्हणून, उन्हाळ्यात त्याच पाइपांतून गार पाणी सोडून घर थंड करता येतं का? येतं, पण फरशी दवबिंदूच्या खाली गेली की तिच्यावर पाणी धरतं आणि माणूस घसरतो, त्यामुळे आर्द्रतेचा सेन्सर आणि त्यावर चालणारा कंट्रोल असल्याशिवाय नाही. शिवाय हवेतला दमटपणा फरशी काढू शकत नाही, त्याला वेगळं मशीन लागतंच. कोरड्या हवेत २० अंशांच्या आसपासची फरशी छान वाटते, दमट हवेत या भानगडीत पडू नका.